फुली नसलेला कागद

राष्ट्राध्यक्षांना आपल्या साडूचा हेवा वाटतो, हे एकट्या राष्ट्राध्यक्षांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या मते तो हेवा नव्हता, निरीक्षण होतं. आता एखाद्या माणसाच्या सभेला गर्दी किती होती, त्यातली आपण होऊन आलेली किती आणि ट्रकमधून आणलेली किती, पहिली टाळी कुठल्या कोपऱ्यातून पडली आणि ती टाळी वाजवणारा पुढे कुठल्या महामंडळावर जाऊन बसला, एवढं सगळं ज्याला मुखोद्गत आहे त्याच्या निरीक्षणाला काय नाव द्यायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

साडू देशाचे पंतप्रधान होते. भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणत. राष्ट्राध्यक्ष त्यांना कशानंच हाक मारत नसत. मारायची वेळ आलीच तर खाकरत.

दोघांनी एका घरच्या मुली केल्या होत्या. सासऱ्यांपाशी दोन मुली होत्या आणि एक पक्ष. मुली दोन जावयांत बरोबर बसल्या, पक्षाचं काही तसं जमेना. थोरले जावई कायद्याचे प्राध्यापक. सरळ नाक, सरळ भांग, सरळ वाक्यं. वारस आपणच, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की कुणाला बोलून दाखवायचीही गरज त्यांना वाटली नाही. धाकटे जावई वकील, पण त्यांना कोर्टात उभं राहण्यापेक्षा कोर्टाच्या पायऱ्यांवर बसण्यात जास्त गती. पायरीवर ज्याच्याशी बोलत त्याला वाटे, या माणसाला आपल्यावाचून दुसरं कामच नाही. पायऱ्यांवर बसणाऱ्यांची संख्या कोर्टात उभं राहणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असते, हे सासऱ्यांनी हेरलं होतं.

थोरल्यांच्या मते मात्र सगळा निकाल गाडीत लागला. सासऱ्यांची निळी गाडी होती आणि ती ते स्वतः चालवत. शेजारच्या सीटवर धाकटे जावई. मागे सासूबाई, दोन्ही मुली, थोरले जावई आणि ज्या काही पिशव्या असतील त्या. पुढे पक्षाचं बोलणं चाले. मागे पिशवीतलं काही सांडणार नाही याकडे लक्ष द्यावं लागे. एकदा थोरल्यांनी हसत हसत, म्हणजे अजिबात न हसता, विचारलं होतं की एखाद्या वेळी आपणही पुढे बसू का. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अहो जावईबापू, त्याला मागे बसलं की मळमळतं हो."

थोरल्याला जावईबापू आणि धाकट्याला राजा. 'अहो' आणि 'अरे' यांत काय अंतर असतं ते मागच्या सीटवर बसलेल्यालाच कळतं.

सासरे गेल्यावर पक्ष पुढच्या सीटकडे गेला. धाकटे पंतप्रधान झाले. आणि मग त्यांनी असं काही केलं की ज्यानं थोरल्यांच्या हेव्याला, चुकलो, निरीक्षणाला, कायमचं खतपाणी मिळालं. त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी थोरल्या साडूंचं नाव सुचवलं. वर सभागृहात भाषणही केलं, "दादांसारखा विद्वान या खुर्चीला मिळतोय हे खुर्चीचं भाग्य." टाळ्या पडल्या. टाळ्या दादांसाठी होत्या, पण मिळाल्या भाषण करणाऱ्याला.

खुर्ची उंच होती आणि हात मात्र रिकामे. देशाच्या घटनेप्रमाणे मंत्रिमंडळ सल्ला देतं, राष्ट्राध्यक्ष सही करतात, आणि सल्ला बंधनकारक असतो. रोज कागद येत. सचिव म्हणून एक उंच, वाळकट गृहस्थ होते. ते प्रत्येक कागदावर, सही करायची तिथे, पेन्सिलीनं एक बारीक फुली करून आणत. राष्ट्राध्यक्ष फुलीवर सही करत. शाई वाळली की सचिव रबरानं फुली पुसून टाकत. राज्यकारभारातला आपला वाटा नेमका केवढा, हे राष्ट्राध्यक्षांना त्या फुलीच्या आकारावरून रोज कळत होतं.

एकच जागा अशी होती की जिथे सल्ला पोचत नव्हता. पंतप्रधानाच्या बहुमताची शंका असेल आणि तो सभागृह बरखास्त करा म्हणून आला, तर हो म्हणायचं की नाही, हे राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या विवेकानं ठरवायचं. त्याला घटनाकारांनी एक अट जोडली होती. निर्णयाचं कारण राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि सभापतींनी ते सभागृहात मोठ्यानं वाचायचं. टंकलेखकाच्या आडून माणूस काहीही लिहितो, स्वतःच्या अक्षरात लिहिताना जरा विचार करतो, असा त्यांचा हिशेब असावा. प्राध्यापक असताना राष्ट्राध्यक्ष हे कलम फार रंगवून शिकवत. "या सबंध घरात सगळीकडे शिक्का ठेवलाय," ते मुलांना सांगत, "आणि एका खोलीत माणूस." आपण त्या घरात राहायला आल्यापासून ती खोली काही उघडायची वेळ आली नव्हती. ते वाट पाहत होते.

आणि किनाऱ्याकडचा छोटा पक्ष सरकारातून बाहेर पडला.

विरोधी पक्षाच्या नेत्या पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांना मोठ्या बाई म्हणत. किनाऱ्याकडचे सगळे माझ्याबरोबर आहेत, असं त्यांनी जाहीर केलं आणि अविश्वासाचा ठराव दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू राष्ट्राध्यक्षांच्या भेटीला आले.

"दादा, थेट विषयावर येतो," साडू म्हणाले आणि चहाचा कप उचलून खिडकीपाशी गेले. "बाग काय ठेवलीय हो तुम्ही! आमच्याकडे माणसं इतकी येतात की हिरवळ म्हणून टिकत नाही."

राष्ट्राध्यक्षांनी हा टोला मुकाट्यानं पदरात घेतला. खाकरले.

"सभागृह बरखास्त करा," साडू म्हणाले. "निवडणूक घेऊ. लोकांनाच विचारू."

"ठराव समोर आहे."

"म्हणून तर म्हणतोय. ठराव आला की डोकी मोजायची वेळ येते. किनाऱ्याकडचे अख्खे तिकडे गेले, की एक पाय इकडे ठेवून गेले, कुणाला माहीत? नुसती सौदेबाजी होणार. त्यापेक्षा लोकांकडे गेलेलं सरळ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

साडूंनी कप बशीत ठेवला. इतका हळू, की आवाज झाला नाही. "तर नाही. अधिकार तुमचा आहे, दादा. मी कोण? फक्त एक करा. जे वाटतं ते मनमोकळं लिहा. इतकी वर्षं आपण एका घरातले, मनात काही ठेवू नका."

जाताना त्यांनी दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. राष्ट्राध्यक्षांना त्या पहारेकऱ्याला मुलगी आहे हेच माहीत नव्हतं. तेही त्यांनी लक्षात ठेवलं.

सचिव कागद घेऊन आले. कोरा, जाड, वर नुसतं राजचिन्ह.

"यावर फुली नाही," राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

"नाही, साहेब."

"विसरलात?"

"फुली सल्ल्याच्या कागदावर असते, साहेब. याला सल्ला नाही. सही कुठे करायची तेही आपणच ठरवायचं."

राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्यांनी पेन उघडलं, मनगट सैल केलं, डोळे क्षणभर मिटले आणि त्या खोलीतला तो एकटा माणूस म्हणून पहिली ओळ लिहिली. सचिव खाकरले. राष्ट्राध्यक्षांनी खाली पाहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार मी'.

"सवय, साहेब," सचिव म्हणाले. "दुसरा कागद देऊ?"

"द्या."

"चार-सहा देऊन ठेवतो."

दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी बायकोपुढे पाच पानं ठेवली. एरवी त्या घरात त्यांचं लिहिलेलं कुणी मागून वाचत नसे. पण त्या दिवशी बाईसाहेबांनी ताट बाजूला सारून चष्मा लावला. राष्ट्राध्यक्ष चमच्यानं ताटाची कड वाजवत बसले. आपण नकार देणार हे त्यांनी साडू दाराबाहेर पडायच्या आतच ठरवलं होतं. प्रश्न होता तो फक्त भाषेचा.

"'कायम पुढे बसण्याची सवय लागलेल्या नेतृत्वाला मागे वळून पाहण्याचे भान उरत नाही,'" बाईसाहेबांनी वाचलं. "अहो, ही आमच्या बाबांची गाडी ना?"

"ते रूपक आहे."

"मग निळी होती तेही घालायचं." त्यांनी पान उलटलं. "'ज्यांना जमलेली गर्दी म्हणजेच जनता वाटते.' हे त्याच्या सभांचं. 'पायऱ्यांवरून आत आलेल्यांना दालनाची शिस्त परकी असते.' हे कोर्टाचं. आणि हे काय, 'स्तुतीचे दान करून ऋणात बांधण्याची रीत'?"

"सर्वसाधारण विधान आहे ते."

"तुम्हाला राष्ट्राध्यक्ष केलं त्याचं आहे ते." त्यांनी चष्मा काढला. "लिहिलंय छान. पण यात सभागृह कुठे आहे?"

"पाचव्या पानावर."

"आणि हे सभापती मोठ्यानं वाचणार? सगळ्यांसमोर?"

"घटनेतच आहे तसं," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात जो काही गोडवा होता तो त्यांना लपवता आला नाही. पुढे कधीतरी कायद्याच्या वर्गात ही पाच पानं मुलं अभ्यासतील, एखादा प्राध्यापक फळ्यावर त्यातलं वाक्य लिहील, हे त्यांनी तिसऱ्या पानापासूनच पाहायला सुरुवात केली होती. साडूला गर्दी मिळाली. आपल्याला निदान तळटीप तरी मिळेल.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. त्या धाकट्या मुलीकडे, म्हणजे पंतप्रधानांच्या घरी राहत. कान अधू झाल्यापासून त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की फोन कानाला लावला काय आणि टेबलावर ठेवला काय, सारखंच.

"जावईबापू जवळ आहेत का गं?"

"आहेत."

"मग हळू बोलते," सासूबाई ओरडल्या. "त्यांना म्हणावं, नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मनाला लावून घेऊ नका. राजा मुळीच रागावणार नाही. तो मला म्हणालासुद्धा, आई, दादा नाहीच म्हणणार. त्यांचा माझ्यावर किती जळफळाट आहे ते एकदा त्यांच्या अक्षरात कागदावर येऊ दे, सभापतींच्या तोंडून सगळ्यांना ऐकू दे, मग बघ म्हणाला. सकाळपासून आरशासमोर भाषण चाललंय त्याचं. काय बोलतो गं! 'मला परक्यांनी पाडलं असतं तर मी हसत गेलो असतो, पण मला माझ्या घरातल्या हेव्यानं पाडलं.' माझा तर पदर भिजला. बरं, ठेवते. जावईबापूंना सांगू नको हं हे."

फोन बंद झाला. राष्ट्राध्यक्षांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग पुन्हा मूळच्या रंगावर आला, पण तो रंगही मळकट वाटत होता. मनमोकळं लिहा, दादा. मनात काही ठेवू नका.

हिशेब उघड होता. ही पाच पानं सभागृहात वाचली जाणार. प्रत्येक ओळीतून थोरल्या साडूची जळजळ टपकणार. मग धाकटे साडू उठणार, आवाज जरा कापरा करणार, आणि किनाऱ्याकडचे जे एक पाय इकडे ठेवून गेले असतील ते डोळे पुसत दुसराही पाय इकडे आणणार. आणि समजा तरीही हरले, तर गावोगाव तेच भाषण. हेव्याचा बळी. आणि हेव्याचा पुरावा राष्ट्राध्यक्षांच्या सुरेख अक्षरात.

"माझ्या जळफळाटावर सरकार चालवायला निघालाय तो," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. मग एकदम ताठ बसले. डोळ्यांत चमक आली. "मग मी हो म्हणतो! करतो बरखास्त. राहू दे भाषण खिशात. आरशासमोर केलेली मेहनत गेली वाया! एका ओळीत हो लिहितो."

"कशाला?"

"त्याची जिरवायला."

बाईसाहेबांनी थंड झालेली आमटी ढवळली. "म्हणजे सकाळी नाही म्हणत होतात तेही त्याच्यासाठी, आणि आता हो म्हणताय तेही त्याच्यासाठी. मग सही त्यालाच करू द्या की. तुमची दगदग तरी वाचेल."

हे वाक्य त्यांना लागलं. लागलं म्हणजे अगदी वर्मी लागलं, कारण ते खरं होतं आणि बायकोचं होतं. एवढी वर्षं ज्या खोलीची वाट पाहिली तिचं दार उघडलं होतं. आत कुणी सल्लागार नाही, फुली नाही. आणि तरी आत साडूच बसलेले होते, पुढच्या सीटवर.

"मग मी काय करू?" ते म्हणाले. प्रश्न रागानं विचारला, पण प्रश्न खरा होता.

"तुम्ही परीक्षेत प्रश्न घालायचात ना, 'क्ष हा पंतप्रधान आहे' म्हणून? तसा समजा हा क्ष आहे. त्याला बायको नाही, सासू नाही, गाडी नाही. आणि तो आलाय. काय सांगाल?"

"क्षला? क्षला मी सांगेन, बाबा रे, ठराव तुझ्यासमोर आहे, आधी सभागृहात जा आणि बहुमत दाखव. बरखास्ती कसली मागतोस? यात विचार काय करायचा? दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल."

"मग क्षला लिहा."

"ते एका वाक्यात संपतं!"

"संपू द्या."

राष्ट्राध्यक्षांनी पाच पानांकडे पाहिलं. नकार तोच राहणार होता, फक्त त्यातून ते स्वतः जाणार होते. गाडी जाणार, पायऱ्या जाणार, तळटीप जाणार. अर्धं आयुष्य होतं त्या पानांत. आणि ते छान लिहिलेलंही होतं. त्यांनी पानं एकेक करून फाडायला घेतली. तिसरं फाडताना ते थांबले आणि एक परिच्छेद पुन्हा वाचला. बाईसाहेबांनी हात पुढे केला आणि उरलेली त्यांनीच फाडली.

मग राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं, 'सभागृहाचा विश्वास कोणावर आहे हे सभागृहातच ठरते आणि ते ठरण्याआधी मी सभागृह बरखास्त करणार नाही.' सही कुठे करायची याचा मात्र त्यांना बराच वेळ विचार करावा लागला.

संध्याकाळी साडू आले ते चेहरा घरून तयार करून. जखमी, पण क्षमाशील. सचिवांनी पुढे केलेला कागद त्यांनी घेतला, वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पुढचं पान?"

"नाही."

"एवढंच?" चेहऱ्यावरची क्षमा जरा ढिली झाली. "दादा, मी सकाळी इतकं मोकळेपणानं म्हटलं होतं. तुमचा एवढा अभ्यास. लोकांची काही अपेक्षा असते."

"पाच पानं लिहिली होती."

"मग द्या की ती!" साडू इतक्या उत्साहानं पुढे झुकले की सचिवांनी छताकडे पाहिलं.

"फाडली."

साडू मागे टेकले. मग पुन्हा पुढे आले आणि आवाज खाली आणला. हाच तो पायऱ्यांवरचा आवाज होता. "बरं, पानं राहू द्या. माझ्याबद्दल निदान एखादं वाक्य? कारभार म्हणा, स्वभाव म्हणा. वाईट चालेल, दादा. मी मनाला लावून घेणार नाही."

"हे तुमच्याबद्दल नाहीच आहे," राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

साडूंच्या चेहऱ्यावरची उरलीसुरली क्षमाही सांडली. आयुष्यात त्यांना लोक वाटेल ते बोलले होते. खोटारडा म्हणाले होते, नाटक्या म्हणाले होते, आणि त्यातलं प्रत्येक विशेषण त्यांनी हसत झेलून दुप्पट करून परत दिलं होतं. पण विषय आपण नाहीच, हे झेलायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. राष्ट्राध्यक्षांना त्या क्षणी जो आनंद झाला तो मात्र अजिबात घटनात्मक नव्हता. त्यांनी तो चहाच्या कपात तोंड घालून उरकला.

मतदानाच्या दिवशी दोघं नवरा-बायको टीव्हीसमोर बसले. सभापतींनी कागद उघडला, वाक्य वाचलं आणि बसले. सभागृह अजून ऐकायच्या तयारीत होतं. कुणीतरी विचारलंही, "पुढे?" सभापतींनी कागद उंच धरून दाखवला.

मग साडू उठले. भाषण तयार होतं आणि दुसरं तयार नव्हतं. 'घरातल्या हेव्यानं' इथपर्यंत आवाज सुंदर चढला. पण मागच्या बाकावरच्या एका सभासदानं शेजाऱ्याला, ध्वनिक्षेपक चालू आहे हे न कळून, विचारलं, "कसला हेवा रे? आत्ता वाचलं त्यात होता का? माझं लक्ष नव्हतं." हसू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं. किनाऱ्याकडच्यांचे डोळे कोरडेच राहिले. त्यांनी घरून ठरवून आणलेलं मत दिलं आणि पंतप्रधान थोडक्यात हरले.

"तरी आवाज कुठे चढवायचा ते त्याला कळतं," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. "मला नाही जमलं कधी."

बाईसाहेबांनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सगळी वर्तमानपत्रं मागवली. पहिल्या पानावर साडू होते. सभागृहाच्या पायऱ्या उतरताना, एक हात छातीवर, दुसरा एका रडणाऱ्या म्हातारीच्या डोक्यावर. फोटो अर्धं पान. राष्ट्राध्यक्षांचं वाक्य आत, हवामानाच्या वर, चौकटीत. एका वर्तमानपत्रानं तर ते सभापतींचं वाक्य म्हणून छापलं होतं.

साडू राजीनामा द्यायला आले तेव्हा बरोबर कुणी नव्हतं. राजीनामा टेबलावर ठेवून ते न सांगताच बसले.

"दादा, खरं सांगा. ते वाक्य तुम्ही मला विसरून लिहिलंत?"

"प्रयत्न केला."

"जमलं?"

"एका वाक्यापुरतं."

साडू हसले. गर्दीसाठी ठेवलेलं हसू नव्हतं ते, बारीक होतं. उठताना त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पहारेकऱ्याशी काही न बोलता बाहेर पडले.

रिवाजाप्रमाणे सरकारी गाडी रिकामी परत गेली होती. फाटकापाशी घरची लहानशी गाडी उभी होती. धाकटी मेहुणी स्वतः चालवत होती. पुढे, गुडघ्यांमुळे, सासूबाई. साडू क्षणभर पुढच्या दाराशी घुटमळले, मग मागचं दार उघडून कार्यालयातल्या खोक्यांच्या आणि पिशव्यांच्या मध्ये बसले.

राष्ट्राध्यक्ष खिडकीत उभे होते. बाईसाहेब शेजारी. हे दृश्य पाहायला त्यांनी उमेदीची सगळी वर्षं दिली होती, आणि आता ते फुकटात समोर आलं होतं. त्यांनी खिडकीचा पडदा आणखी बाजूला सारला.

तेवढ्यात पुढच्या सीटवर हालचाल झाली. सासूबाईंनी आधी मान, मग खांदा, मग होतं नव्हतं ते सगळं अंग वळवलं आणि सीटांच्या फटीतून हात मागे घालून साडूंच्या गालावरून फिरवला. खिडकी बंद असूनही त्यांचा आवाज वर आला.

"मळमळतंय का रे, राजा?"

गाडी फाटकातून बाहेर गेली. राष्ट्राध्यक्ष ती गेली त्या दिशेला पाहत राहिले.

"इतकी वर्षं मागे बसलो मी," ते म्हणाले. "मला नाही कधी कुणी विचारलं."

"तुम्हाला मळमळत नव्हतं."

"कुणी विचारलंच नाही, तर कळणार कसं?"

सचिव आत आले. हातात कागद होता. मोठ्या बाईंना सरकार बनवण्याचं निमंत्रण. आकडा त्यांच्याकडे स्पष्ट होता, ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सही करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली होती.

राष्ट्राध्यक्ष टेबलापाशी बसले. फुलीकडे पाहिलं. मग पेन उघडून त्यांनी सही फुलीच्या जरा डावीकडे केली.

"बाजूला झाली, साहेब," सचिव म्हणाले.

"माहीत आहे."

सचिवांनी खिशातून रबर काढलं, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि ज्या फुलीवर कुणी सही केली नव्हती ती पुसून टाकली.